रीब्रीदर खरोखर स्वस्त पडतो का?
रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास गाळून पुन्हा श्वासासाठी देणारे डाइव्हिंगचे उपकरण. त्याने वायू वाचतो, म्हणून तो पुढे स्वस्त पडतो, असे म्हटले जाते; या मुद्द्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. ४० मीटरवर, म्हणजे ५ बार दाबाखाली, सोडलेला श्वास पाण्यात जाऊ देणाऱ्या साध्या उपकरणातून पृष्ठभागाच्या पाचपट वायू खर्च होतो. रीब्रीदरमध्ये मात्र मुख्यतः शरीराने वापरलेलाच ऑक्सिजन भरून काढावा लागतो. परंतु ही बचत जाणवते ती श्वासाच्या वायूत महागडा हेलियम मिसळावा लागणाऱ्या खोल डाइव्हमध्ये. मुंबईहून सुट्टी काढून तारकर्लीच्या उथळ पाण्यात उतरणाऱ्याला तिचा काय उपयोग? त्यातून पावसाळ्यात इथला समुद्र डाइव्हिंगसाठी बंद, आणि रीब्रीदरमधले ऑक्सिजन मोजणारे सेन्सर तर कपाटात पडूनही जुने होत जातात व साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावेच लागतात. म्हणून वर्षातून एखाद्या वेळी डाइव्ह करणाऱ्याने तो विकत घेऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

पैशांहूनही मोठा प्रश्न सरावाचा आहे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचे दाणे रीब्रीदरच्या डब्यात, तो हलकेच ठोकत, पोकळी न ठेवता भरावे लागतात. तसे न केल्यास श्वास त्या पोकळीतून न गाळताच परततो, आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसाची विचारशक्तीच मंदावतो. अशा वेळी सोबतच्या बेलआउट सिलिंडरवर, म्हणजे आणीबाणीसाठीच्या स्वतंत्र सिलिंडरवर, जाण्याचा निर्णय विनाविलंब घेता यावा लागतो, आणि ती सवय नियमित सरावाशिवाय टिकत नाही.