स्टीफन करीकडे शाळेनंतर मोठ्या विद्यापीठांनी पाठ का फिरवली?

सायंतारा (प्रश्न)

बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या कारकिर्दीविषयी जेवढे वाचावे तेवढे एक कोडे मला अधिकच छळते. त्याचे वडील डेल करी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये सोळा हंगाम खेळले, त्यांपैकी दहा शार्लट हॉर्नेट्सकडून, आणि लांबून नेम साधणारा खेळाडू म्हणून त्यांचा लौकिक होता. मुलगा त्याच शहरातील शार्लट ख्रिश्चन स्कूलचा प्रमुख खेळाडू होता. असे असूनही नॉर्थ कॅरोलायनातील नामांकित विद्यापीठांपैकी कोणीही त्याला घेतले नाही. आई आणि वडील दोघेही ज्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाकडून खेळले (आई व्हॉलीबॉल खेळत असे), तिथूनसुद्धा शिष्यवृत्तीविना संघासोबत राहण्याचाच प्रस्ताव आला. शेवटी २००६ मध्ये तो डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयात गेला आणि तिथून २००९ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) सातव्या क्रमांकावर निवडला गेला.

निवड करणाऱ्यांची नजर चुकली, की शाळा सोडताना तो खरोखरच तेवढा तयार नव्हता? आणि डेव्हिडसनला जावे लागल्याने त्याचे नुकसान झाले की भलेच झाले? आकडेवारी माझ्यापाशी आहे, परंतु एका टप्प्यातून दुसरा कसा घडला हे तिच्यातून कळत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

बाकावरून (प्रतिसाद)

आपल्या पहिल्या प्रश्नात 'की' घालण्याची गरज नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

शाळेत असताना करी जेमतेम सहा फुटांचा आणि हडकुळा होता. त्यातच त्याची चेंडू टाकण्याची लकब लहानपणची होती. अंगात पुरेशी ताकद नसलेली मुले करतात त्याप्रमाणे तो चेंडू कमरेपासून झोका देऊन वर भिरकावीत असे. नेम अचूक होता, पण उंच बचावपटूला असा चेंडू हातातून सुटतासुटताच अडवता येतो, हे डेल करींनी ओळखले. म्हणून अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात बापलेकांनी ती सगळी लकब मोडून पुन्हा बसवली. चेंडू आता डोक्याच्या वरून सुटायला हवा होता. हे वाटते तितके सोपे नसते. कोपर, मनगट, उडी आणि चेंडू सोडण्याचा क्षण यांचा वर्षानुवर्षे जमलेला मेळ एकदा विस्कटला की नव्याने जमेपर्यंत खेळाडूला साधी बास्केटही जड जाते. करीने तो उन्हाळा बहुतेक बास्केटच्या अगदी जवळून चेंडू टाकण्यात घालवला, कारण लांबून तो पोचतच नव्हता, आणि आपण त्या काळात अतिशय वैतागलो होतो असे त्याने पुढे सांगितले आहे. आता हे लक्षात घ्या की विद्यापीठांचे प्रशिक्षक खेळाडू हेरतात ते नेमके याच वयात. नवी लकब हातात मुरत असतानाच त्याची पारख होत होती, आणि अंगकाठी पाहून निर्णय घेणाऱ्यांना तर पारख करण्याचीही गरज वाटली नसावी.

डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलॉप यांनी मात्र त्याला मनापासून मागितले. त्याचा अर्थ नोव्हेंबर २००६ मध्ये, त्याच्या पहिल्याच महाविद्यालयीन सामन्यात दिसला. ईस्टर्न मिशिगनविरुद्ध करीने तेरा वेळा चेंडू गमावला. नवख्या खेळाडूला उरलेला सामना बाकावर बसवायला एवढे कारण कोणत्याही प्रशिक्षकाला पुरले असते. मॅकिलॉप यांनी त्याला मैदानावर ठेवले, डेव्हिडसनने पिछाडी भरून काढून सामना जिंकला, आणि पुढच्याच सामन्यात मिशिगन विद्यापीठाविरुद्ध करीने ३२ गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी २१.५ गुण होती. प्रथम वर्षाच्या खेळाडूंमध्ये देशभरात त्याच्या पुढे होता फक्त टेक्सासचा केव्हिन ड्युरंट. एखाद्या बलाढ्य विद्यापीठात तेरा चुकांनंतर पुढचा सामना खेळायला मिळाला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे. म्हणून माझे उत्तर सरळ आहे: डेव्हिडसनने त्याचे भलेच केले, कारण चुका करीत खेळत राहण्याची मुभा त्याला तिथे मिळाली.

निरपेक्ष (प्रतिसाद)

वरील विवेचन चांगले आहे, परंतु 'नाकारलेला मुलगा' या कथेला थोडा लगाम घालावासा वाटतो. ज्याच्या घरातच एनबीएचा नेमबाज प्रशिक्षक म्हणून उपलब्ध आहे आणि जो खासगी शाळेत शिकतो, त्याला उपेक्षित म्हणणे मला पटत नाही. चेंडू टाकण्याची पद्धत मुळापासून बदलण्याचा धोका तो पत्करू शकला, तोही चूक नेमकी कुठे आहे हे सांगणारे माणूस घरात होते म्हणूनच.

डेव्हिडसनमधील खरी कसोटी मला २००८ च्या एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिसते. या महाविद्यालयाने त्या स्पर्धेत १९६९ नंतर एकही सामना जिंकलेला नव्हता. करीने गॉन्झागाविरुद्ध ४० गुण केले. जॉर्जटाउनविरुद्ध संघ सतरा गुणांनी मागे असताना त्याने आपल्या ३० पैकी २५ गुण उत्तरार्धात काढले, आणि विस्कॉन्सिनविरुद्ध ३३. कॅन्ससविरुद्ध ५७-५९ अशा पिछाडीवर शेवटचा चेंडू त्याच्या हाती आला, तेव्हा दोन बचावपटू त्याच्यावर तुटून पडले. त्याने चेंडू सहकारी जेसन रिचर्ड्सकडे दिला आणि रिचर्ड्सचा लांबून केलेला प्रयत्न हुकला. कॅन्ससने पुढे विजेतेपद पटकावले. करीने त्या हंगामात (लांबून टाकलेल्या) तीन गुणांच्या १६२ बास्केट केल्या होत्या, आणि तो त्या वेळी एनसीएएतील एका हंगामाचा विक्रम ठरला.

याच्यानंतरच्या वर्षाविषयी कोणी फारसे लिहीत नाही, कारण डेव्हिडसन मुख्य स्पर्धेत पोचलेच नाही. माझ्या मते तेच वर्ष सर्वांत महत्त्वाचे होते. रिचर्ड्स पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि पॉइंट गार्डची, म्हणजे संघाचा खेळ चालवण्याची, जबाबदारी करीवर आली. नुसता नेमबाज म्हणून एनबीएत त्याची उंची कमी पडली असती. खेळ चालवणारा म्हणून ती चालून जाणार होती. त्या वर्षी २८.६ गुणांच्या सरासरीने तो देशात अव्वल ठरला आणि बरोबरीने संघाचा खेळही त्याने आखला. नोव्हेंबर २००८ मधील लॉयोला महाविद्यालयाविरुद्धचा सामना मिळाला तर अवश्य पाहा. त्यांच्या प्रशिक्षकाने सामनाभर दोन खेळाडू केवळ करीवर ठेवले. हे ध्यानात येताच करी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, ते दोघेही त्याच्याजवळ उभे राहिले, आणि उरलेले चार विरुद्ध तीन असा खेळ सुरू झाला. करीच्या नावावर शून्य गुण, आणि डेव्हिडसनचा विजय तीस गुणांनी!

सायंतारा

दोघांचेही आभार. शून्य गुणांचा सामना मला ठाऊक नव्हता. परंतु एवढे सगळे दिसत असताना ड्राफ्टमध्ये सहा जण त्याच्या आधी कसे गेले? आणि सुरुवातीला घोट्याच्या दुखापतींमुळे कारकीर्दच धोक्यात आली होती असे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

चौथा क्वार्टर (प्रतिसाद)

ड्राफ्टचे उत्तर पुन्हा तेच, अंगकाठी. ब्लेक ग्रिफिन पहिला जाणार हे उघड होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या जेम्स हार्डनबद्दलही कोणी तक्रार करणार नाही. नवल मिनेसोटा संघाचे वाटते. त्यांच्याकडे पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन क्रमांक होते, दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्डच निवडले, आणि दोन्ही वेळा करीला वगळले. रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन यांच्यानंतर गोल्डन स्टेट वॉरियर्सने करीचे नाव पुकारले.

दुखापतींबद्दल जे ऐकले आहे त्यात अतिशयोक्ती नाही. पहिल्या हंगामात त्याची सरासरी १७.५ गुण होती आणि सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तो दुसरा आला, पण उजवा घोटा वारंवार मुरगळू लागला. २०११ मध्ये एक शस्त्रक्रिया झाली, २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळू शकला आणि एप्रिल २०१२ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. तरीही त्याच वर्षी मार्चमध्ये वॉरियर्सने आपला प्रमुख गुणवीर मोन्टा एलिस मिलवॉकी संघाला देऊन अँड्र्यू बोगट हा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेतला होता, म्हणजे दुखऱ्या घोट्याच्या करीवरच संघ उभा करायचा हे ठरले होते. त्यानंतर झालेला करार मात्र सावधपणे केलेला होता: चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख डॉलर. तेव्हा बऱ्याच जणांना तोही धोका वाटत होता.

पुढची हकीकत सर्वज्ञात असल्याने थोडक्यात लिहितो. २०१२-१३ मध्ये तीन गुणांच्या २७२ बास्केट करून त्याने एनबीएचा विक्रम मोडला, २०१५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि विजेतेपद दोन्ही मिळवले, आणि २०१६ मध्ये तोच मान त्याला एकमताने मिळाला, जो त्याआधी कोणालाही एकमताने मिळाला नव्हता. २०१३-१४ पासून तो त्याच कमी रकमेच्या करारावर खेळत होता. एनबीएत संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. सर्वोत्तम खेळाडू स्वस्तात मिळाल्यामुळे, आणि २०१६ मध्ये ती मर्यादाही एकदम वाढल्यामुळे, वॉरियर्सला केव्हिन ड्युरंटला आणणे परवडले. करीला त्याच्या योग्यतेचे पैसे मिळाले ते २०१७ मध्ये, पाच वर्षांच्या २० कोटी १० लाख डॉलरच्या कराराने.

बाकावरून

थोडी भर घालतो. तीन वर्षे डेव्हिडसनमध्ये राहणे हा त्या काळच्या नियमांचाही परिणाम होता. २००६ पासून शाळेतून थेट एनबीएत जाण्याची वाट बंद झालेली होती, त्यामुळे एक वर्ष तर अपरिहार्यच होते. आणि महाविद्यालय बदलणाऱ्या खेळाडूला तेव्हा एक संपूर्ण हंगाम बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये ही अट शिथिल झाली आणि खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याचीही परवानगी मिळाली. पहिल्या वर्षी २१ गुणांची सरासरी राखणाऱ्या लहान महाविद्यालयातील मुलाला आज मोठी विद्यापीठे पैशांसह बोलावतात, आणि बहुतेक मुले जातात. आजचा करी दुसऱ्या वर्षी डेव्हिडसनमध्ये राहिला असता असे मला वाटत नाही. गॉन्झागाविरुद्धचे ते ४० गुण बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी गणवेशात झाले असते.