कोरफडीचं जेल घरी करून टिकवायचं कसं?

गच्चीबाग: कुंडीतली कोरफड यंदा चांगलीच फोफावली आहे. चेहऱ्याला, केसांना लावायला घरीच जेल करायचंय. पण मिक्सरमधून काढलं की नुसता फेस, मग पाणी, आणि दोन-तीन दिवसांत गुलाबी पडतं. विकतच्यासारखं घट्ट कसं करता? लेकीची त्वचा नाजूक आहे, तिला खाज सुटायला नको.

तुळसमंजिरी: खाज बहुतेक वेळा गराने नाही, सालीलगतच्या पिवळ्या चिकाने सुटते. तो जाऊ द्या. बाहेरच्या बाजूचं जून पान बुंध्याशी कापा, मधली कोवळी राहू द्या. कापलेलं टोक खाली करून वाटीत पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा. वाटीत जमतं ना पिवळंजर्द, कडू, तेच सुकवून काळा बोळ करतात. जालीम रेचक असतं ते! मग पान धुवा, काटेरी कडा काढा, साल सोला. गराच्या वड्या दोन-तीन पाण्यातून खळबळून घ्या, पिवळी झाक उरता कामा नये.

गच्चीबाग: साल खरवडून सगळा गर काढते मी. तो सोडायचा?

तुळसमंजिरी: हो, खुशाल सोडा. तिथेच चीक असतो.

निसर्गवेडा: विकतच्याइतकं घट्ट होणार नाही, तो नाद सोडा. गरात 98-99 टक्के पाणीच असतं. बाजारच्या जेलला घट्टपणा कार्बोमरसारख्या पदार्थांनी येतो आणि हिरवा रंग वरून घालतात. गर मुळात पारदर्शक. मिक्सर दोन झटके फिरवा, गाळा, फ्रीजमध्ये ठेवा, फेस आपोआप बसतो. गुलाबी पडतं ते हवा लागून.
आणि एक कळकळीने सांगतो. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घालून महिनाभर टिकवायच्या कृती फिरतात, त्या करू नका. त्याने जंतू थांबत नाहीत. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. लागेल तसा एक खडा काढायचा.

माजघर: लेकीला आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास बघा. आणि हे पोटात घेऊ नका, गरोदरपणात तर मुळीच नाही.

गच्चीबाग: ट्रेची कल्पना फारच आवडली! एका कुंडीतून एका वेळी किती पानं घ्यावीत?

तुळसमंजिरी: दोन, फार तर तीन. नवी पानं वर आल्याशिवाय पुन्हा कापू नका.