डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळातली चिलखतं इतिहासाला धरून कशी करावीत?

गडवाट: पाचव्या आवृत्तीवर नवी मोहीम चालवतोय, काळ १४१५च्या आसपासचा फ्रान्स. नियमांत प्लेट (अंगभर पोलादी पत्रे) ६५ पौंड, चेन मेल (लोखंडी कड्यांची जाळी) ५५ पौंड, स्टडेड लेदर (खिळे ठोकलेलं चामडं) १३ पौंड. एका खेळाडूचा आग्रह आहे की प्लेटवाला पडला की त्याला उठता येऊ नये. तसं होतं का? आणि लाँगस्वोर्डने (लांब तलवारीने) प्लेट कापली जावी का?

लोहकाठी: तो नियम मुळीच घेऊ नका. लढाईचं पूर्ण प्लेट चिलखत शिरस्त्राणासकट साधारण २० ते २५ किलोचं, आणि भार अंगभर वाटलेला. पायांचे पत्रे आतल्या जाड अंगरख्याला नाड्यांनी बांधत. माणूस पडतो, उठतो, घोड्यावरही चढतो. ४० किलोच्या पुढे जातात ती भालास्पर्धेची चिलखतं.

खरी अडचण दमछाकीची. २०११ साली लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चिलखत घातलेल्यांना ट्रेडमिलवर चालवलं, तेव्हा चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागली. पायांवरचं लोखंड दर पावलाला उचलावं लागतं आणि छाती पुरती फुगत नाही. अ‍ॅजिनकोर्टच्या १४१५च्या लढाईत इंग्रजांवर चालून जाताना फ्रेंच नांगरलेल्या चिखलातून चालत आले, ते भिडण्याआधीच थकलेले होते. म्हणून लढाईच्या दर १० फेऱ्यांनी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (दमसासाची फाशांवरची परीक्षा), चिखलात दर ५ फेऱ्यांनी. हुकला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी.

कडीजोड: स्टडेड लेदर काढूनच टाका. जुन्या चित्रांत अंगरख्यावर रिव्हेटच्या डोक्यांच्या ओळी दिसतात, ती बहुधा ब्रिगंडाइन असते: पोलादी पट्ट्या कापडाच्या आतून ठोकलेल्या. तिला मध्यम चिलखत धरा, एसी (वार लागायला फाशांवर गाठावा लागणारा आकडा) १४ अधिक डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) बोनस, जास्तीत जास्त २. पॅडेड (कापडाच्या थरांच्या) चिलखतावर तर नियमांनी अन्यायच केलाय. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळातल्या जॅकला (अशा जाड कापडी अंगरख्याला) २५ ते ३० थर कापड लागायचं. त्याला एसी १२ द्या. चेन मेलखाली असं जाड कापड हवंच, नाहीतर वार कड्यांवर अडतो पण हाड मोडतं.

गडवाट: आणि तलवार?

लोहकाठी: पत्रा कापत नाही. प्लेटवर स्लॅशिंगचं (कापणाऱ्या वाराचं) नुकसान निम्मं करा. तलवारबाज डावा हात पात्याच्या मध्यावर धरून टोक काखेत, कोपराच्या आत किंवा शिरस्त्राणाच्या झापडीच्या फटीत खुपसत. हा वेगळा डाव ठेवा: पिअर्सिंग (भोसकण्याचं) नुकसान १डी६, म्हणजे एक सहा बाजूंचा फासा, पण शत्रू ग्रॅपल्ड (पकडलेला) किंवा प्रोन (आडवा पडलेला) असेल तरच प्लेटचा एसी १२ धरायचा. खंजिरालाही हेच लागू करा, म्हणजे खेळाडू आधी पाडायला शिकतील. पोलअ‍ॅक्सला (लांब दांड्यावर कुऱ्हाड आणि हातोडा असलेल्या शस्त्राला) मात्र कसलीच अट नको. हातोड्याची बाजू पत्र्यावरूनही मार पोचवते.