घरून गेम होस्ट करताना तुमचं कुठे अडलं? (अनुभव धागा)

दिवाळीची सुट्टी लागली आणि आमच्या घरात 'सर्व्हर' हा शब्द 'फराळ'पेक्षा जास्त वेळा ऐकू यायला लागला. नववीतला मुलगा, त्याचे पाच मित्र, माइनक्राफ्टचं एक जग, आणि ते चालणार आमच्या जुन्या डेस्कटॉपवर. जग चाललं, पण त्यात फक्त आमच्या घरातली माणसं शिरू शकत होती. घराबाहेरून एकालाही जमेना.

मी बँकेत आहे. नेटवर्कशी माझा संबंध ग्राहकांना "सर्व्हर डाउन आहे, बसा जरा" सांगण्यापुरता. तरी हिय्या करून राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट, म्हणजे या गेमचं आत यायचं दार, उघडलं, डेस्कटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा नेमून दिला, विंडोजच्या फायरवॉलमध्ये जावाला परवानगी दिली. बाहेरून येणाऱ्याला पुन्हा तेच, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. असे तीन रविवार गेले. ग्राहक सेवेने दर वेळी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. किती वेळा ते विचारू नका.

शेवटी भाच्याने फोनवर एकच प्रश्न विचारला, "मावशी, राउटरच्या पानावर वॅन आयपी काय दिसतोय?" वॅन आयपी म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता. बघितलं तर १००.७२ ने सुरू होणारा काहीतरी. आणि 'माझा आयपी काय' असं गूगलला विचारलं तर भलताच आकडा. तिथे उलगडा झाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेला आहे. जगात आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते कमी पडतात, म्हणून कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं बसवते. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे मी फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून तीन रविवार बसले होते आणि पाहुणे सोसायटीच्या गेटवरच. गेटच्या वॉचमनला माझं नावच माहीत नाही, आणि त्याला ते सांगायची सोय माझ्या राउटरमध्ये नाही.

स्टॅटिक आयपीला, म्हणजे फक्त आपल्या कायमच्या सार्वजनिक पत्त्याला, दर महिन्याला वेगळे पैसे पडणार होते. सुट्टीपुरत्या खेळासाठी ते पटेना. मग सगळ्या मुलांच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल हे लांबचे कॉम्प्युटर आपसात जोडणारं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर पडून जोडला जातो, त्यामुळे गेटचा प्रश्नच येत नाही. गंमत म्हणजे त्यानेही आम्हाला १०० नेच सुरू होणारा पत्ता दिला! पाचपैकी चार जण मस्त खेळतात. देवळाली कॅम्पचा एक मात्र अडखळतो, त्याचं कोडं सुटलेलं नाही.

तुमचे अनुभव लिहा. उपाय तर सांगाच, पण नेमकं कुठे अडलंय हे कसं शोधलंत ते आधी सांगा.

सातपूरहून, कारखान्यात मेंटेनन्सला आहे

आमच्याकडे मोटर बंद पडली की कोणी लगेच मोटर उघडत नाही. सप्लाय कुठपर्यंत येतोय ते टेस्टर लावत लावत बघतो. इथेही तेच केलं. माझा वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे दुसरा राउटर माझ्याच घरात! कंपनीने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा स्वतः राउटरचं काम करत होता आणि त्याच्या मागे मी हौसेने घेतलेला महागडा राउटर. पोर्ट मी मागच्या दारात उघडत होतो, पुढचं बंदच. डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतला, म्हणजे राउटरचं काम त्याच्याकडून काढलं, आणि पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, युजरनेम-पासवर्ड माझ्या राउटरमध्ये भरलं. झालं.

झालं म्हणजे, मला वाटलं झालं नाही. घरच्या वायफायवरून स्वतःचाच बाहेरचा आयपी टाकून जोडायला गेलो, जोडेना. रात्री एकपर्यंत सेटिंग उलटसुलट केल्या. सकाळी जळगावच्या मित्राने पहिल्या फटक्यात जोडलं. बऱ्याच राउटरना बाहेरच्या पत्त्यावरून आत वळायचं जमत नाही. तपासायचं असेल तर फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासा.

जुन्या नाशकातून

आमचा वाडा आहे. भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. पोर्टबिर्ट सगळं नीट होतं, जोडणीही व्हायची, पण दर दोन मिनिटांनी सगळे खेळाडू एकदम गोठायचे. कंपनीला शिव्या घालून झाल्या. मग कोणीतरी सांगितलं म्हणून आधी स्वतःच्या राउटरलाच पिंग (हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं) लावून ठेवलं, 'पिंग १९२.१६८.१.१ -टी'. २, ३, २, ३१०, ४, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटर पलीकडच्या खोलीत आणि तिथपर्यंतच ही दशा! कंपनी अजून चित्रात आलीच नव्हती.

पंचवीस मीटर नेटवर्कची कॅट ५ई वायर आणली. आजीची एकच अट, वायर देव्हाऱ्यावरून जायची नाही. म्हणून ती माजघरातून, जिन्याखालून, तुळईला खिळे न ठोकता सुतळीने बांधत नेली. तरी स्पीड १०० एमबीपीएसच्या वर जाईना. कनेक्टर दाबताना एक तार नीट बसली नव्हती. आठही तारा लागल्या तरच १००० मिळतात, चारवर १०० च. कनेक्टर कापून नवा दाबला. आता राउटरचं पिंग १ च्या आत.

आडगावला रूम करून राहतो

बरोबर साडेनऊला लॅग, म्हणजे गेम अडखळायचा. आम्ही भुताटकी म्हणायचो. निघालं काय, तर रूममेट जेवून आला की त्याचा फोन वायफायला जोडला जायचा आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागायचा. होस्ट करणाऱ्याला डाउनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचा, आणि तो भरला की गेमच्या माहितीची पाकिटं राउटरमध्ये रांगेत उभी. स्पीड टेस्टचा शेवटचा आकडा छानच दिसतो. अपलोड चालू असताना पिंग बघा. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधली, भूत गेलं.

बाकी पिंगचं गणित लक्षात ठेवा. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिक-मुंबई पावणेदोनशेच्या आत, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदसुद्धा नाहीत. वळणं, यंत्रं धरून थोडे वाढतील. मुंबईच्या मित्राला सत्तर-ऐंशी दिसत असतील तर अंतराला दोष देऊ नका.

म्हसरूळ, मी लाइनवरच काम करतो

दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे तक्रार येते 'गेम अडकतो', घरी जाऊन बघावं तर फायबरची पिवळी वायर सोफ्याच्या पायाखाली चेपलेली. तार तुटली तर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लागतो, कोणालाही कळतं. वाकली तर नेट चालतं पण रडतं. राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते ती बघा. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे २७ च्या पुढे गेली की आम्हाला बोलवा. तार स्वतः उपसू नका आणि उघड्या टोकात डोळा घालून तर अजिबात बघू नका.

संक्रांतीला मांजा वरच्या तारा कापतो, आणि सध्या सिंहस्थाच्या कामांचं खोदकाम खालच्या. त्यावर आमच्याकडेही इलाज नाही. सीजीनॅट आहे का, हे मात्र कनेक्शन घेण्याआधीच विचारा. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळतो का तेही विचारा. त्यात पत्त्यांची टंचाई नसल्याने घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट करून द्यावी लागते, आणि समोरच्याकडेही आयपीव्ही६ हवा.

नाशिक रोड

लाइट गेली की इन्व्हर्टर उचलतो, पण त्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होतो आणि आयपी बदलतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणि डीडीएनएस (आयपी बदलला तरी त्याच नावाने घर सापडण्याची सोय). एवढंच.

पाथर्डी फाटा

पोर्ट उघडलात तर व्हाइटलिस्ट (यादीतल्या नावांनाच प्रवेश) लगेच चालू करा. २५५६५ वर सर्व्हर शोधत फिरणारे बॉट असतात. माझ्याकडे तिसऱ्याच दिवशी अनोळखी पाहुणा आला आणि पोरांनी महिनाभर बांधलेला किल्ला पेटवून गेला. बॅकअप नव्हता.

धागाकर्ती, इंदिरानगर

देवळालीच्या मुलाचं कोडं निम्मं सुटलं. 'टेलस्केल स्टेटस' लिहिल्यावर बाकी चौघांपुढे 'डायरेक्ट' दिसतं, त्याच्यापुढे 'रिले'. म्हणजे त्याचं बोलणं मधल्या कुठल्यातरी सर्व्हरवरून फिरून येतंय. आता त्याच्या घरी काय आडवं येतंय ते सातपूरकरांच्या पद्धतीने, टोकापासून बघणार.

आणि राउटरला पिंग लावून बघितलं. २, २, ४, १८०. आमचा डेस्कटॉपही वायफायवरच होता, हे मी वर लिहिलंच नव्हतं. मुलगा सध्या टेप घेऊन भिंती मोजतोय. देव्हाऱ्याला त्याने न सांगताच वळसा घातलाय, त्यामुळे बावीस मीटर भरतात.