क्षार बदलून पेटंटची मुदत वाढवायला बंदी असेल, तर संशोधनाचं काय बिघडतं?

माटुंगेकर (धागाकर्ता):
मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सनचा बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षारावरचा (क्षार म्हणजे औषधाचा तोच रेणू आम्लाशी जोडून केलेलं रूप) पेटंटचा अर्ज फेटाळला. टीबीच्या या औषधाच्या मूळ रेणूचं पेटंट त्याच जुलैत संपत होतं. क्षाराचं मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. विरोध नोंदवणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले होत्या. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, पण जुन्या औषधांनी दोघींचे कान गेले. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने ग्रासलेल्या या शहरात हा निर्णय मला शंभर टक्के पटतो. कोणाला पटत नसेल तर कारण सांगा.

बेलापूरकर:
मला पटत नाही. मी फॉर्म्युलेशनमध्ये, म्हणजे रेणूपासून गोळी बनवण्याच्या कामात आहे. चुकीचा क्षार निवडला तर गोळी ओलावा धरते, पोटात विरघळत नाही. योग्य क्षार सापडायला महिनोन् महिने जातात. पण पेटंट कायद्याचं कलम ३(डी) म्हणतं, माहीत असलेल्या औषधाच्या नव्या रूपाला पेटंट हवं तर परिणामकारकता वाढलेली दाखवा. आणि २०१३ मध्ये कर्करोगाच्या ग्लिवेक या औषधाच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. भुकटी टिकाऊ झाली, ओलावा कमी धरू लागली, तेवढ्यावर पेटंट नाही. आमच्या पावसाळ्यात गोळी टिकवून दाखवा म्हणावं! एवढा खर्च मग कोणी का करावा?

माटुंगेकर:
विक्रीतून पैसे मिळतातच की, फक्त एकट्याला विकता येत नाही. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढलं, प्रक्रियेवरचं ठेवलं. त्यामुळे इथल्या केमिस्टांनी नव्या प्रक्रिया शोधल्या. म्हणून २००१ मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलच्या सिप्लाला एड्सची तीन औषधं मिळून एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ करता आली. मूळ कंपन्यांचा भाव १० हजार डॉलरच्या वर होता.

बेलापूरकर:
सिप्ला येणार हे वाटलंच होतं 😄 वाट वेगळी, पण पोचलात दुसऱ्याच्याच रेणूपाशी. तो शोधायला पैसे कोणी घातले? तेवढ्या वर्षांत आपण जगाला नवे रेणू किती दिले, तेही मोजा.

पुस्तकी किडा:
सिप्लाच्या त्या तीन औषधांतल्या स्टॅव्हुडिनच्या वापराचं पेटंट येल विद्यापीठाकडे होतं, कंपनीकडे फक्त परवाना. २००१ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीच ओरड केली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेपुरतं ते सैल झालं. सगळं कंपन्यांच्या खिशातून होतं हे काही खरं नाही.

पीएचडी_चालू:
पेटंट असलेलं रसायन प्रयोगासाठी वापरायला पेटंट कायद्याचं कलम ४७ मोकळीक देतं, तिथे आमचं काही अडत नाही. अडतं ते पेपरपाशी. आधी छापलं तर पेटंटला लागणारं नावीन्य गेलं, म्हणून पेटंटचा अर्ज होईपर्यंत पेपर गाइडच्या टेबलावर. नोकरीच्या मुलाखतीत दाखवायचं काय? (अवांतर, माफ करा.)

बेलापूरकर:
मधला मार्ग सुचवतो. क्षाराला २० ऐवजी ५ वर्षांचं संरक्षण द्या.

माटुंगेकर:
कधीपासून मोजायची? पेटंटच्या मंजुरीपासून धरलीत आणि ते २०२३ मध्ये मिळालं असतं, तर बेडाक्विलिन २०२८ पर्यंत अडकलं असतं, कंपनीने मागितलं होतं त्याहूनही एक वर्ष जास्त!

बेलापूरकर:
अर्जापासून मोजा.

माटुंगेकर:
अर्ज २००७ चा, म्हणजे २०१२ ला संपलं. अमेरिकेत औषधाला मंजुरीच डिसेंबर २०१२ मध्ये मिळाली. तुमच्या साहेबांना चालेल का, विचारून सांगा.