मदत हवी आहे: कोकणातल्या पावसाळ्यात वाळवलेला औषधी पाला कसा टिकवता?

नमस्कार मंडळी. आम्ही दापोलीजवळ राहतो. घरचा अडुळसा, गवती चहा, तुळस मी सावलीत वाळवते. कडक उन्हात वास उडून जातो. सुंठ, हिरडा, बेहडा अख्खेच ठेवते आणि लागेल तसे कुटते. चूर्णाचा गुण दोन महिन्यांत उतरतो असं शार्ङ्गधर संहितेत सांगितलंय, म्हणून आधीच कुटून ठेवणं मला पटत नाही.

अडचण जून ते सप्टेंबरची. बरणी उघडली की दमट हवा आत शिरते. चुरचुरीत तुळस दोन-चार दिवसांत मऊ पडते, बोटांनी चुरत नाही. अडुळशावर पांढुरकी बुरशी धरते. तसा पाला मी सरळ टाकून देते, औषधात तडजोड नको. सुंठीला भोकं पडून तळाशी पीठ साठतं ते वेगळंच.

काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या कोणी ठेवतं का? त्या परत कशा कोरड्या करता? फ्रिजमधून काढल्यावर बरणीला पाणी सुटतं, त्याचं काय? आणि चिठ्ठ्या सर्दावून गळून पडतात, तर नाव-तारीख कशावर लिहिता? वाळलेली पानं सगळी सारखीच दिसतात हो! कोकण-गोव्यातल्यांनी आवर्जून सांगा.