अ‍ॅडव्हेंचर रेससाठी होकायंत्र आणि मॅपबोर्ड कुठला घ्यावा?

अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये (नकाशावरून वाट शोधत पायी, सायकलवर वगैरे करायची शर्यत) आमची चौघांची टीम पहिल्यांदाच उतरतेय, रेसमध्ये जीपीएस चालणार नाही म्हणे, मग होकायंत्र कुठलं घेऊ आणि सायकल चालवताना नकाशा कुठे धरायचा?

— पारदर्शक बेसप्लेटवालं (नकाशावर ठेवता येईल अशा सपाट प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेलं) होकायंत्र घ्या, काटा पटकन स्थिरावणारं. एक नको, दोन घ्या, दोघांकडे वेगवेगळी. १:५०,००० नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

— सायकलच्या हँडलवर फिरणारा मॅपबोर्ड (नकाशा लावायची पाटी) लावाच. मागच्या पावसाळ्यात आमचा नकाशा पिशवीत असूनही घडीवरच विरघळला आणि नेमकी वाट तिथेच होती, दोन तास गेले हो. आता दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी मारतो. होकायंत्र मोबाइलपासून लांब धरा, काटा सरकतो.

— हेडटॉर्चचे जादा सेल विसरू नका, रात्री कंटूर (नकाशावरच्या समान उंची दाखवणाऱ्या रेषा) दिसतच नाहीत.